आत्या शेवटी काय म्हणाली

वारज्यात कालव्याच्या कडेला जी वस्ती आहे, तिच्या तोंडाशी एक भिंत आहे. तिच्यावर निळ्या ऑइलपेंटनं लिहिलंय: ‘मी मेले तरी जागा सोडू नका.’ खाली एक रेघ आणि ‘आत्या’. पावसानं रंगाचे पोपडे निघतात, मग कुणीतरी ते परत गिरवतं. महापालिकेचा माणूस मोजमापाला आला की त्या भिंतीला टेप लावायचं टाळतो. मेलेल्या बाईला सगळे घाबरतात. जिवंत असताना तिच्या अर्जाची पोचसुद्धा देत नव्हते.

आत्या कुणाची सख्खी आत्या नव्हती. वारज्याची शेतं विकली गेली, मालकांचे बंगले झाले, आणि त्याच शेतांत राबणारी माणसं सरकत सरकत कालव्याच्या कडेला आली. त्यांतली ही एक. मालक म्हणजे कोण, तर आमच्यासारखे. माझ्या आजोबांच्या वावरात आपण खुरपणी केली आहे, हे तिनं मला पहिल्याच भेटीत सांगितलं. टोमणा म्हणून की ओळख म्हणून, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मी तेव्हा घरच्यांशी भांडून सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर राहत होते. मला लिहिता येत होतं, आत्याला बोलता येत होतं. ती बोलायची, मी पत्रक करायचे. रस्ता रुंद करायचा म्हणून वस्ती उठवायची आणि माणसं शहराच्या दुसऱ्या टोकाला सातव्या मजल्यावर नेऊन टाकायची, या योजनेविरुद्ध आम्ही उभे होतो.

तिची शेवटची सभा झाली तेव्हा मी तिथं नव्हते. तिनंच मला पत्रकं आणायला छापखान्यात पिटाळलं होतं. गठ्ठे घेऊन परत आले तर समाजमंदिरात सतरंज्या गुंडाळणं चाललं होतं. शेजारच्या काकूनं माझे दोन्ही दंड धरले. ही काकू म्हणजे आत्याच्या भिंतीला भिंत लागून राहणारी, आंदोलनातला तिचा उजवा हात.

“अगं, काय बोलली आत्या! म्हनली, मी मेले तरी जागा सोडू नका!”

दुसऱ्या दिवशी मी आत्याकडे गठ्ठे द्यायला गेले. ती पलंगावर बसली होती. “ठेव तितं,” म्हणाली. त्याच आठवड्यात ती गेली. छातीत कळ आली आणि दवाखाना गाठायच्या आधी संपलं.

तेव्हापासून ते वाक्य मला ऐकू येऊ लागलं. आठवायचं असं नव्हे, ऐकू यायचं. वारज्याच्या पुलाखाली बसची वाट बघत उभी असले की वरून हायवेचा घरघराट चालू असायचा, आणि त्याच्या आतून आत्याचा तो खरखरीत, तंबाखूनं बसलेला आवाज. ‘मेले तरी’ म्हटल्यावर ती दम घ्यायची. मग पुढचं. भुताखेतांविरुद्ध मी स्वतः पत्रकं काढलेली आहेत, त्यामुळे ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. आणि जे वाक्य मी तिच्या तोंडून एकदाही ऐकलेलं नाही, ते मला तिच्याच आवाजात, दम घेण्याच्या जागेसकट कसं ऐकू येतं, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही. आवाज यायचा. अंगावर काटा यायचा. मी ताठ व्हायचे आणि बसमध्ये चढायचे.

ती गेल्यावर दुसऱ्या स्मृतिदिनाला वस्तीच्या समितीनं पुस्तिका काढायचं ठरवलं. आत्याचे बोल, ज्यांनी ऐकले त्यांच्या तोंडून. काम अर्थातच माझ्याकडे. मी मोबाइलवर एकेकाचं रेकॉर्डिंग केलं आणि उतरवून काढायला बसले, तर डोकंच गरगरलं. एकच सभा, पण कुणाच्या सांगण्यात आत्या उभी राहून बोलली, कुणाच्या सांगण्यात बसून. कुणी म्हणतं रडली, कुणी म्हणतं अधिकाऱ्याला शिवी हासडली. यातलं छापायचं काय?

सदाशिव पेठेत मी राहत होते त्या इमारतीच्या जिन्यात एक पाटी होती. ‘जुने धर्मग्रंथ कसे वाचावेत. दर गुरुवारी सायंकाळी. फी नाही. घाईत असलेल्यांनी येऊ नये.’ जाता-येता मी त्या पाटीवर मनातल्या मनात हसायचे. त्या गुरुवारी बेल वाजवली.

दार उघडणाऱ्या बाईंनी आयुष्यभर सेमिनरीत, म्हणजे पाद्र्यांच्या कॉलेजात, ग्रीक आणि हिब्रू शिकवलेलं होतं. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“स्पर्धा परीक्षेचा क्लास वरच्या मजल्यावर आहे.”

“मला खरं काय ते कसं शोधायचं हे शिकायचंय.”

“असं का. चप्पल बाहेर काढा. खरं काय ते इथं अजून कुणाला सापडलेलं नाही. त्यात भर कशी पडत गेली, एवढं आपण बघतो.”

आत दोन तरुण पाद्री होते आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काका. काका बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातून आलेले ज्यू. मराठी आमच्या मॅडमइतकीच तिरकी, आणि हिब्रू लहानपणी सिनेगॉगमध्ये घोकलेलं. मॅडमच्या समोर फोटोकॉपीचे गठ्ठे होते. जुन्या हस्तलिखितांची पानं, कडा कुरतडलेली, मधेच भोकं पडलेली. मला वाटलं होतं, ‘पवित्र’ म्हटलं की हात जोडायचे. इथं ही बाई पवित्र ग्रंथाला उलटतपासणीला उभं करत होती.

त्या दिवशी जे ऐकलं त्यानं मी चिडले, हे आधी सांगून टाकते. मॅडम म्हणाल्या, पहिल्या ख्रिस्ती लोकांनी लिहिलेलं मूळ पान एकही उरलेलं नाही. उरल्या त्या नकला. नकलेची नकल, तिची नकल. आणि नकल करणारा माणूस मशीन नसतो. तो विश्वास ठेवणारा असतो. त्यामुळे तो सुधारतो. उग्र असेल ते मऊ करतो, अर्धं राहिलेलं पुरं करतो, आपल्या गुरूला कमीपणा येईल असं काही दिसलं की हळूच झाकतो.

“मग सगळं खोटंच की,” मी म्हणाले.

“तुम्ही पत्रकं काढता ना? म्हणून असं वाटतं. त्यात दोनच रकाने असतात.”

पाद्री हसले. मी नाही हसले. पण पुढच्या गुरुवारी परत गेले.

या शास्त्राला मराठीत पाठचिकित्सा म्हणतात. एकाच वाक्याची जितकी रूपं सापडतात ते पाठ, आणि त्यांतलं आधीचं कुठलं हे ताडून बघायचं. मॅडमचे नियम साधे होते. नकला मोजायच्या नाहीत, तोलायच्या. ढीगभर नकलांमध्ये एकच विचित्र चूक सारखी सापडली, तर त्या सगळ्या एकाच नकलेवरून उतरवल्यात. त्या सगळ्यांची मिळून साक्ष एकच. आणि दोन पाठ समोर आले, एक सोपा, सगळ्यांना आवडणारा, आणि एक अडचणीचा, तर अडचणीच्या पाठाकडे आधी बघायचं. अडचणीचं सोपं करायचा मोह सगळ्यांना होतो. सोप्याचं अडचणीचं करून ठेवायला कोण बसलंय?

हे मी शस्त्र म्हणून शिकत होते. आत्याचं वाक्य पक्कं सिद्ध करून पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर टाकायचं आणि महापालिकेच्या तोंडावर मारायचं, हा माझा बेत होता.

मध्येच वहिनी आडवी आली. वहिनी म्हणजे आत्याची सून. चार घरच्या पोळ्या करते, नवरा टेम्पो चालवतो. आत्याचं घर आता तिचं, आणि ते घर कालव्याच्या अगदी कडेला. धरणातून पाणी सोडलं की भिंतीतून पाझर फुटतो आणि फरशीवर पाणी उभं राहतं. तिला सातव्या मजल्यावर जायचं होतं. ती हे उघड बोलत नव्हती, पण वस्तीला माहीत होतं. नळावर बायका तिला ऐकवायच्या, “आत्याची सून ना गं तू?” एवढंच. पुढचं भिंतीवर लिहिलेलं होतंच.

मी तिचं रेकॉर्डिंग घ्यायला गेले तर तिनं मोबाइल उलटा करून ठेवला.

“ते वाक्य छापू नका ताई.”

“कुठलं?”

“भिंतीवरचं. सासूबाई तसं बोलल्याच न्हाईत. मी तितंच बसले हुते, खांबापाशी.”

“मग काय बोलल्या?”

वहिनीनं एकदा दाराकडे बघितलं. “म्हणल्या, मला भ्या वाटतंय. आन् खाली बसल्या.”

माझं डोकं सटकलं. “वहिनी, तुम्हाला फ्लॅट पाहिजे म्हणून तुम्ही मेलेल्या माणसाच्या तोंडात...”

“पाहिजेच हाय फ्लॅट. त्यात चोरी हाय का? ह्या वलीत तुम्ही ऱ्हावून दाखवा.”

मी उठून आले. आत्या आणि भ्यायली? बुलडोझरपुढं मांडी घालून बसलेली बाई. पोलिसाला ‘बाळा, घरी जेवून आलास का’ विचारणारी. मी पुलाखाली आले, आवाजाची वाट बघितली. आला. खणखणीत. मेले तरी, दम, जागा सोडू नका. मला बरं वाटलं.

गुरुवारी मी क्लासमध्ये विचारलं, एखाद्या साक्षीदाराचा खोटं बोलण्यात फायदा असेल तर त्याची साक्ष फेकून द्यायची ना?

मॅडमनी चष्मा काढला. “फेकून द्या. मग आपल्याकडे एकही ग्रंथ उरणार नाही. लिहिणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी हवंच होतं. हेतू आहे म्हटल्यावर एवढंच विचारायचं, की त्या हेतूला ही साक्ष पुरते का. नक्की कोणाबद्दल चाललंय आपलं?”

मी सांगितलं. सगळं नाही, पण पुरेसं.

“मग घरी जा आणि तुमचे पाठ मांडा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही मोजताय, तोलत नाही.”

मी मांडले. कॉटवर कागद पसरून सगळी रेकॉर्डिंगं परत ऐकली. सगळे म्हणत होते: ‘मी मेले तरी जागा सोडू नका, तसूभरही मागे हटू नका.’ तसूभर. वस्तीत ‘तसूभर’ कोण म्हणतं? कुणी नाही. आत्याही कधी म्हणाली नसती. ती गेल्यावर मी जे पत्रक काढलं, त्यात काकूनं सांगितलेलं वाक्य वजनदार व्हावं म्हणून तो शब्द मी घातला होता. पत्रकं अशीच लिहितात. आणि आता तो शब्द म्हाताऱ्यांच्या, बायकांच्या, रिक्षावाल्यांच्या तोंडून शपथेवर माझ्याकडे परत येत होता. “मी ह्या कानांनी ऐकलं ताई. तसूभर म्हनली.” कुणी खोटं बोलत नव्हतं. त्यांना खरंच ऐकू येत होतं. जसं मला पुलाखाली.

हे सगळे साक्षीदार मॅडमच्या हिशेबानं एकाच नकलेवरून उतरलेले. ती नकल माझं पत्रक. आणि पत्रकाचा आधार काय, तर माझे दंड धरून बोललेली काकू. म्हणजे एका बाजूला काकू, एका बाजूला वहिनी. एवढंच उरलं.

त्या रात्री मी पुस्तिका सोडून द्यायला हवी होती. पण माझा स्वभाव आडवा आहे.

दुसऱ्याच दिवशी मी वस्तीच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले. दुकानाचे मालक अण्णा हे आत्याचे जुने वैरी. मोजणीवाल्यांना त्यांनी बसायला दुकानात जागा दिली होती, म्हणून आत्यानं त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. वहिनी अजूनही त्यांच्याकडून मीठसुद्धा घेत नाही, बोलणं तर लांबच. त्यांचं रेकॉर्डिंग अर्थातच कुणी मागितलं नव्हतं.

“त्या सभेला होतात तुम्ही?”

“मागं, दाराशी. मजा बघायला आल्तो. का? आता मला बी पुस्तकात घेता का?” अण्णा तराजूतली डाळ सारखी करत म्हणाले.

“आत्या शेवटी काय बोलली?”

“भिंतीवर हाय की.”

“तुम्ही काय ऐकलंत?”

त्यांनी डाळीची पुडी बांधली, गिऱ्हाइकाला दिली, तो जाईपर्यंत थांबले. “म्हनली, मला भ्या वाटतंय. आन् बसली. बाई आयुष्यभर मला वरडत आली, मी एकदा पन इश्वास ठेवला न्हाई. त्या दिवशी ठेवला.”

“मग कुणाला सांगितलं नाहीत?”

“कुनी इचारलं?”

मी बाहेर आले. दुपार होती, रस्त्यावर शाळेच्या व्हॅन उभ्या होत्या, आणि मला उभं राहायला सावली मिळत नव्हती. एकमेकांशी न बोलणारी दोन माणसं तेच सांगत होती. आणि वहिनीच्या हेतूचं म्हणाल तर तिला खोटंच बोलायचं असतं तर ती किती सोपं खोटं बोलली असती! ‘सासूबाई म्हणाल्या, पोराबाळांना घेऊन चांगल्या घरात जा.’ कुणी काय करणार होतं? त्याऐवजी तिनं जे सांगितलं ते तिच्या काडीच्या उपयोगाचं नव्हतं. भीती वाटते म्हटल्यानं फ्लॅट मिळत नाही.

पुढच्या गुरुवारी मॅडमनी ख्रिस्ती ग्रंथांतलं एक शेवटचं पान काढलं. योगायोग वगैरे नाही, त्यांनी ते मुद्दाम काढलं असणार. चार शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या आयुष्याच्या चार हकिकती. त्यांतली सर्वांत जुनी मानली जाते तिचा शेवट. बायका सकाळी कबरीपाशी जातात. कबर रिकामी. आत बसलेला एक तरुण त्यांना सांगतो, घाबरू नका, जा, सगळ्यांना सांगा. आणि त्या बायका थरथरत पळत सुटतात आणि कुणालाही काही सांगत नाहीत, कारण त्या घाबरलेल्या असतात. संपलं. आपल्याला मिळालेल्या सर्वांत जुन्या प्रतींमध्ये हकिकत तिथंच थांबते.

“नंतरच्या लोकांना हे सोसवेना,” मॅडम म्हणाल्या. “धर्माची सगळी इमारत ज्या सकाळवर उभी, ती सकाळ भीतीनं कशी संपेल? मग कुणी चार ओळी जोडल्या, कुणी पानभर. त्यात दर्शन आलं, आज्ञा आली, चमत्कार आले. काही प्रतींमध्ये दोन्ही शेवट एकापुढे एक आहेत. भाषा वेगळी पडते, सांधा दिसतो. पण शतकानुशतकं लोकांनी तोच शेवट ऐकला, त्यावर जगले, मेले. ते काही थट्टेवारी नेण्यासारखं नाही.”

“मग तो काढून टाकायचा की ठेवायचा?” एका पाद्र्यानं विचारलं.

“तुम्ही रविवारी काय करणार ते तुमचं तुम्ही बघा. इथं आपण सांधा बघतो.”

माझ्या डोळ्यांसमोर समाजमंदिर होतं. खांबापाशी वहिनी, दाराशी अण्णा, आणि मधे एक बाई दोन शब्द बोलून खाली बसलेली.

काकूकडे गेले तेव्हा ती भाकऱ्या थापत होती. मी दारातच बसले.

“काकू, आत्या घाबरली होती का?”

परातीतला हात थांबला. “कोन म्हनलं?”

“खरं सांग.”

“सुनंनं सांगितलं असंल. घर सोडायचंय तिला.” भाकरी तव्यावर पडली, तिनं पाणी फिरवलं. मग पाठ माझ्याकडे ठेवूनच बोलली. “मग काय सांगू लोकांला? आत्या भ्याली? सगळी माझ्या तोंडाकडं बघाय लागली. ती खाली बसल्याली. कुनीतरी उठायलाच पायजे हुतं. मी उठले आन् म्हनले, आत्या म्हनतीया, मी मेले तरी जागा सोडू नका. टाळ्या पडल्या.”

“आत्यासमोर?”

“समोरच की. ती न्हाई म्हनली न्हाई.”

“हो म्हणाली?”

भाकरी फुगली. काकूनं ती उतरवली नाही. “मान खाली घातली.”

“कशाचं भ्या वाटतंय, असं विचारलंस का तिला? नंतर? घरी?”

“टाळ्या वाजत हुत्या गं,” काकू म्हणाली. भाकरी करपल्याचा वास खोलीभर झाला.

त्या दिवसानंतर पुलाखालचा आवाज बंद पडला. मी मुद्दाम जाऊन उभी राहिले. बस सोडल्या. नुसता हायवे. आत्या माझ्यातून गेली ती तेव्हा, दोन वर्षांपूर्वी नव्हे. आणि तिच्या जागी दुसरं वाक्य येऊन बसलं, पण त्याला आवाज नव्हता. ‘मला भ्या वाटतंय.’ कशाचं? पाडापाडीचं? छातीत काही कळत होतं का? की आमचंच भ्या वाटत होतं, तिच्या नावानं ओरडणाऱ्या आम्हा सगळ्यांचं? एवढी माणसं, एवढे माइक, एवढी पत्रकं, आणि एकानंही विचारलं नाही. मला याचा संताप येतो. तो आजही उतरलेला नाही. सगळ्यात जास्त संताप आत्याचाच येतो, की बाई, परत उठून का नाही बोललीस. मग ती खाली घातलेली मान दिसते. मी न पाहिलेली. तीही आता मला दिसते.

पुस्तिकेत काय छापायचं याचं उत्तर काकांनी दिलं, ते बँकवाले. क्लास सुटल्यावर जिन्यात थांबून त्यांनी त्यांच्या लोकांची एक पद्धत सांगितली. जुन्या ज्यू लेखनिकांना पवित्र ग्रंथात एखादी जागा खटकली, तरी ते तिला हात लावत नसत. जे उतरलंय ते तसंच उतरवायचं. आणि शेजारी, समासात, लिहायचं: इथं मोठ्यानं वाचताना असं वाचा.

“लहानपणी मी एकदा समास सोडून जे लिहिलंय तेच मोठ्यानं वाचलं,” काका म्हणाले. “वडिलांनी असा चिमटा काढला की विचारू नका. म्हणाले, अरे, लिहिलंय ते डोळ्यांना, वाचायचं ते तोंडाला. दोन्ही जपायचं असतं, गाढवा.”

मी कच्ची प्रत तशीच केली. मधोमध, मोठ्या टायपात: ‘मला भ्या वाटतंय.’ आणि समासात, बारीक: ‘वस्ती असं वाचते – मी मेले तरी जागा सोडू नका.’ मला वाटलं, यात कुणाचा अपमान नाही. माझा शहाणपणा बघा.

समितीच्या बैठकीत पान हातोहात फिरलं आणि आग लागली.

“बिल्डरनं किती दिले?”

“पेठेत राहून हेच शिकलीस काय?”

“आधी आजानं राबवून घेतलं, आता नात आमच्या आत्याला भित्री ठरवतीया!”

मीही ओरडले. ओरडायला मला शिकवावं लागत नाही. पाठ, साक्ष, समास, सगळं ओरडून सांगितलं. ओरडून सांगितलेली पाठचिकित्सा कशी ऐकू येत असेल ते तुम्हीच समजा. वहिनी खाली बघत होती. मी काकूकडे बघितलं. तिनं एक शब्द काढला असता तर पुरे होतं. ती पदराचा शेव बोटाला गुंडाळत बसली. पुस्तिकेचं काम माझ्याकडून काढून घेतलं. दुसऱ्या कुणीतरी ती छापली, मुखपृष्ठावर नेहमीचंच वाक्य, तसूभरसकट.

पण पान वाचलं गेलं होतं. नळावर वहिनीला कुणी काही म्हणेनासं झालं. ती आली की बायका कळशी पुढं ओढून वाट देत आणि दुसरीकडे बघत. तिनं महापालिकेला फ्लॅटसाठी होकार कळवला. जायच्या सकाळी तिच्या नवऱ्यानं टेम्पो दाराशी लावला. आम्ही दोघी-तिघांनी कपाट उचललं, गाद्या, शिलाई मशीन, आत्याचा पलंग. वस्ती आपापल्या उंबऱ्यावर उभी होती. शिवी नाही, घोषणा नाही. त्या शांततेपेक्षा बुलडोझर बरा.

मग काकू तिच्या दारातून निघाली आणि टेम्पोपाशी आली. वहिनीच्या अगदी जवळ.

“भ्या वाटतंय का गं?” तिनं विचारलं. हळू नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

वहिनी गडबडली. “वाटतंय की.”

“कशाचं?”

“सातवा मजला हाय मावशी. लिफ्ट बंद पडली तर? शेजारी कोन, काय, म्हाईत न्हाई. पोरगं खिडकीत चढतंय. रातीला पाण्याचा आवाज न्हाई यायचा, झोप लागंल का न्हाई...” ती बोलतच राहिली. इतकी बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. काकू मान हलवत एकेक ऐकून घेत होती, मधे काही घालत नव्हती.

वहिनीचं संपलं. काकू घरात गेली, एक पिशवी घेऊन आली, दाराला कुलूप घातलं.

“चार दिस येते तुझ्याकडं,” म्हणाली. “झोप लागूस्तोवर.”

समितीतला एक जण पुढं झाला. “काकू, तुम्ही बी?”

“परत येनार हाय मी,” काकू म्हणाली. “माझं घर हितंच हाय. तू बाजूला हो, पाय ठेवू दे.”

मी तिचा हात धरून तिला वर चढवलं. ती मागं, आत्याच्या उभ्या केलेल्या पलंगाला टेकून गादीवर बसली, पिशवी मांडीवर. टेम्पो हलला तशी तिनं फळी घट्ट धरली.